नौली, क्ष-किरण आणि केसपेपर

माझ्याकडे योगवर्गाला येणारं नवं माणूस चपला काढता काढताच विचारतं, “मॅडम, शुगरसाठी कुठलं आसन?” कुणाचं थायरॉइड असतं, कुणाचा गुडघा, कुणाला रात्री तीननंतर झोप नसते. प्रश्नाची घडण मात्र एकच. मी रोग सांगतो, तुम्ही आसन द्या. बाजारात मिळणारा तो रंगीत तक्ताही असाच असतो. कंबरेपुढे भुजंगासन, गॅसपुढे पवनमुक्तासन, थायरॉइडपुढे सर्वांगासन. डाव्या हाताला दुखणं, उजव्या हाताला उतारा.

टेलिफोन खात्यात तीस-एक वर्षं खुर्चीत बसून कंबर धरली, म्हणून मी या वाटेला आले. लोणावळ्याला जाऊन रीतसर शिकले आणि निवृत्तीनंतर डोंबिवलीत वर्ग घेऊ लागले. त्या प्रश्नाचा मला राग येत नाही. त्याचं वय किती, याचं कुतूहल मात्र आहे. योग हजारो वर्षांचा, असं व्यासपीठावरून सगळेच सांगतात. पण आजारी माणसाने यावं, कुणीतरी त्याची नाडी-रक्तदाब लिहून घ्यावा आणि त्याला अमुक आसन अमुक वेळ करायला सांगावं, हा प्रकार फार जुना नाही. शंभर वर्षं, फार तर थोडी अधिक. आणि तो घडला आपल्याच शेजारात: बडोदा, नर्मदेचा काठ, वर्सोवा, लोणावळा.

जुन्या ग्रंथांत रोगांची नावं नाहीत असं नाही. पतंजलीने योगाच्या वाटेतले नऊ अडथळे मोजले, त्यांत पहिला नंबर व्याधीचा. पंधराव्या शतकाच्या आसपासच्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत तर फलश्रुती भरपूर आहे. मत्स्येंद्रासनाने जठराग्नी पेटतो, मयूरासनाने गुल्म आणि उदर जातात, धौतीने खोकला, दमा, प्लीहा, कुष्ठ आणि कफाचे वीस रोग हटतात. तक्ता छापणाऱ्यांनी उचललं ते एवढंच. त्याच ग्रंथात दोन गोष्टी आणखी आहेत, त्या तक्त्यावर येत नाहीत. एक, धौती-बस्ती-कपालभाती ही षट्कर्मं सरसकट सगळ्यांना सांगितलेलीच नाहीत. ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त त्याने ती आधी करावीत, बाकीच्यांनी त्यांच्या भानगडीत पडू नये. दोन, प्राणायाम चुकला तर उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळ्यांची दुखणी मागे लागतात.

हठप्रदीपिका सगळ्यांना चार अध्यायांची माहीत असते. लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९७० मध्ये तिची चिकित्सक आवृत्ती काढली. स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे तिचे संपादक. त्या आवृत्तीत पाचवा अध्यायही छापलाय आणि त्याचा विषय आहे औषध. कुणाचं? योग चुकीचा केल्याने आजारी पडलेल्या साधकाचं. वायू भलत्या वाटेला गेला तर मालिश काय, आंघोळ कशी, खायचं काय. म्हणजे जुन्या परंपरेला ठाऊक असलेला रोगी मुख्यतः योगीच होता. शरीर धडधाकट हवं ते साधना चालावी म्हणून. शेजारच्या काकूंचं पित्त बरं करणं हे योग्याचं काम नव्हतं. आजारी माणूस साधूकडे जायचा तो बहुधा अंगारा, जडीबुटी नाहीतर आशीर्वाद मागायला.

हे उलटं फिरलं त्याची एक जागा दाखवता येते. गुजरातेत नर्मदेच्या काठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदास नावाचे मूळचे बंगाली साधू आश्रम करून राहिले होते. त्यांचे दोन शिष्य पुढे नावारूपाला आले, आणि दोघांनीही गुरूची विद्या आश्रमाबाहेर काढून संसारी माणसाच्या दारात नेली. एक मणिभाई देसाई, कुस्तीचा शौक असलेला सुरत भागातला तरुण. हेच पुढचे श्री योगेंद्र. त्यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्राकाठच्या बंगल्यात ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली. एन्फ्लुएन्झाने मुंबई झोडपून काढली ते हेच वर्ष. योगेंद्र नंतर अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कजवळ काही काळ वर्ग चालवले, परत आले, लग्न केलं. गुरूच्या मठाचा वारसा सोडून ते घरगृहस्थी करत राहिले, ही मला त्यांची सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते. पत्नी सीतादेवींनी १९३४ मध्ये स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. त्या काळात आसनं करणाऱ्या बाईचे फोटो छापणं म्हणजे काय, याची आज कल्पना यायची नाही. संस्था सांताक्रूझला अजून चालू आहे.

दुसरा शिष्य मराठी. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म ३० ऑगस्ट १८८३, गाव डभोई. लहानपणीच आईवडिलांचं छत्र गेलं, गरिबी पाचवीला पुजलेली. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. शिकायला बडोद्याला. तिथे राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात तीन वर्षं अंग कमावलं. मग खानदेशात अमळनेरला शिक्षण संस्थेत काम आणि राष्ट्रीय कॉलेजचं प्राचार्यपद. सरकारची वाकडी नजर पडून ते कॉलेज १९२० च्या सुमारास बंद पडलं. तोवर त्यांची माधवदासांशी गाठ पडली होती. आखाडा, संस्कृत, राष्ट्रीय शिक्षण आणि मालसरची दीक्षा हे सगळं एका माणसात आलं. हेच स्वामी कुवलयानंद.

आता त्यांनी काय केलं ते जरा सावकाश सांगते, कारण माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

नौली ही क्रिया पुष्कळांनी यूट्यूबवर पाहिली असेल. पाय थोडे फाकवून, गुडघे वाकवून, हात मांड्यांवर टेकून उभं राहायचं. श्वास सगळा बाहेर टाकायचा. आता श्वास न घेता छाती मात्र घेतल्यासारखी फुलवायची. हवा आत येऊ दिलेली नाही, म्हणून पोट फासळ्यांखाली खोल आत ओढलं जातं आणि तिथे खळगा पडतो. हे झालं उड्डियान. त्याच अवस्थेत पोटाच्या मधल्या दोन उभ्या स्नायूंना पुढे ढकललं की मध्यभागी दोरखंडासारखा पीळ उभा राहतो, ती मध्य नौली. तोच डावीकडे वाम, उजवीकडे दक्षिण. शिकायला महिने लागतात आणि काहींना कधीच येत नाही. या नौलीच्या जोरावर योगी बस्ती करतात. पाण्यात उकिडवं बसून, गुदद्वारात नळी धरून, पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढवतात. पिचकारी नाही, पंप नाही. चढतं कसं? परंपरेचं उत्तर होतं, अपानवायूच्या सामर्थ्याने.

गुण्यांना या उत्तरावर थांबवेना. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात योगाभ्यासी माणसांना क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं आणि उड्डियान-नौलीत आत काय हलतं ते पाहिलं. पुढे आतड्यातल्या नळीला दाबमापक जोडला. नौली धरली की पारा सरकायचा. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, पोकळी तयार होते, पाणी वर चढतं. अपानवायूचं कोडं पाऱ्याच्या नळीत सुटलं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. मला हे नाव फार आवडतं. गुरूच्या नावाने मंदिर बांधणारे शिष्य ढिगाने सापडतील. गुरूचं नाव उणे दाबाला देणारा हा एकच असावा.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ या इंग्रजी त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. सुरुवातीच्या अंकांत पोटाच्या क्ष-किरण चित्रांशेजारी आसनांची कृती असते, आणि तिच्याशेजारी सामान्य वाचकाला कळेल असा लेख. प्रयोगाचं, अर्धं प्रयोगाचं आणि लोकांसाठीचं असे कप्पे वेगळे ठेवलेले. काय तपासलंय आणि काय नुसतं मानलंय याची सरमिसळ नको, हा हट्ट त्या मांडणीतच दिसतो. लोणावळ्यात चिक्की आणि भुशी धरण यापलीकडे न जाणाऱ्यांनी एकदा तिथल्या ग्रंथालयात ते जुने खंड चाळावेत.

या हट्टापायी स्वामींनी आपल्याच बाजूच्या लोकांचा हिरमोड केलेला आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, म्हणून तो गुणकारी, हे आज कुठल्याही वर्गात ऐकायला मिळतं. त्यांनी श्वासाची हवा पिशवीत धरून तपासली आणि निष्कर्ष काढला की तसं काही नाही. प्राणायामाचं मोल ऑक्सिजनमध्ये शोधू नका, मज्जासंस्थेवरच्या परिणामात शोधा. १९३१-३२ मध्ये येल विद्यापीठातून कोवूर बेहनन नावाचे केरळी संशोधक लोणावळ्याला येऊन राहिले, आसन-प्राणायाम शिकले, परत जाऊन स्वतःवर मोजमापं केली. उज्जायीत ऑक्सिजनचा खप २४.५ टक्क्यांनी वाढलेला दिसला, भस्त्रिकेत १८.५, कपालभातीत १२. हे आकडे त्यांच्या १९३७ च्या पुस्तकात आहेत. मग खरं कोण? मला यात भांडण दिसत नाही. खप वाढणं म्हणजे शरीराला जादा साठा मिळणं नव्हे. दळण दळतानाही खप वाढतोच. पण हे आकडे हातात घेऊन वाद घालता येतो, हेच नवं होतं. अपानवायूशी वाद घालता येत नव्हता.

गांधीजींचा किस्सा इथलाच. १९२७ च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना रक्तदाब चढून ते आजारी पडले आणि म्हैसूर संस्थानात नंदीच्या डोंगरावर विश्रांतीला गेले. त्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. तो त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेला आहे. इकडून सूचना जात, तिकडून काय केलं, काय जमलं, काय खाल्लं याचा तपशील येई. दोघेही प्रयोगांचे वेडे. पत्रातून चाललेला हा उपचार वाचताना मला सारखं वाटतं, की योगोपचारातला पहिला प्रसिद्ध केसपेपर हाच असावा. रुग्णही असा, की वैद्याचं सगळं ऐकणार नाही आणि ऐकलं नाही ते लपवणारही नाही! शिवाय डॉक्टरांची औषधं-विश्रांती चालूच होती. आसनं त्यांच्या जोडीला होती, त्यांच्या जागी नव्हे. त्याच दशकात लोणावळ्याला शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासनात रक्तदाब किती बदलतो याची नोंद होत होती. प्रश्न नुसता पुस्तकी उरलेला नव्हता.

मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ पासून ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर, ‘ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र’ या नावाने चालू लागली. आश्रमाला आता आउटडोअर जोडलं गेलं म्हणायला हरकत नाही. माझे सासरे गिरणीच्या ऑफिसात कारकून. पन्नाशीच्या दशकात ते काही महिने चर्नी रोडला उतरून तिथे जात. तक्रार बारमाही सर्दीची आणि पोट साफ न होण्याची. त्या पिढीतल्या मराठी कारकुनाची ही जवळजवळ राष्ट्रीय तक्रार होती, चहा आणि बैठी नोकरी यांची देणगी. तिथून ते नेती शिकून आले. चोचीचा तांब्याचा लोटा, कोमट पाणी, चिमटीने मीठ. मोरीत वाकून एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. सासूबाईंचा शेरा ठरलेला, “झाली का हत्तीची आंघोळ?” सासऱ्यांनी तो लोटा ऐंशीव्या वर्षापर्यंत सोडला नाही. त्याची चोच दोनदा झाळून घेतलेली आहे.

पुण्याची गोष्ट वेगळ्या मुशीतली. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते डॉ. व्ही. बी. गोखले या निवृत्त सिव्हिल सर्जनच्या पुढाकाराने, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला. वय अठरा. लहानपण एन्फ्लुएन्झा, मलेरिया, टायफॉइड, क्षय यांत गेलेलं, शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे थांबलेलं आणि मराठी येत नव्हतं. शरीराचं डॉक्टरांनी बोलायचं आणि यांनी करून दाखवायचं, अशी जोडी जमली. लोणावळ्याने मोजलं, तर पुण्याने हाताने चाचपून पाहिलं, असं मी माझ्यापुरतं म्हणते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या रमामणी संस्थेतल्या रुग्णांच्या वर्गाचं सामान कुठल्याही इस्पितळात दिसणार नाही. भिंतीतल्या हुकांना सुती दोर, पाठ कापून काढलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या, चादरींच्या नेमक्या घड्या, लाकडी विटा. मानेचा रुग्ण दोरात उलटा, डोकं जमिनीला न टेकता. ज्याच्याने हात वर जात नाही त्याच्या हाताला आधार कुठे द्यायचा, किती इंचांवर, हा त्यांचा अभ्यास. रोगाचं नाव एकच असलं तरी दोन माणसांच्या चादरीची घडी एक नसे. माझ्या वर्गातल्या खुर्च्याही मी फॅब्रिकेशनवाल्याकडून पाठ कापून आणल्या. तो म्हणाला, “बाई, चांगली खुर्ची बिघडवताय.”

आणि मग योगोपचाराला सरकारी शिक्का मिळाला. १९६३ मध्ये स्वामी कुवलयानंद आणि डॉ. एस. एल. विनेकर यांचं ‘यौगिक थेरपी’ हे पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सेंट्रल हेल्थ एज्युकेशन ब्युरोने प्रकाशित केलं. तक्त्याच्या अपेक्षेने ते उघडणाऱ्याची निराशा होते. सुरुवात होते मनापासून: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, यम आणि नियम. मग स्नायू, मज्जा आणि ग्रंथी यांना वळण लावणं. मग आहार आणि शरीरातला मळ बाहेर टाकण्याच्या नैसर्गिक वाटा मोकळ्या ठेवणं. आसनं या तिहींच्या पोटात येतात. चाळीस वर्षं पारा आणि क्ष-किरण हाताळलेल्या माणसाने शेवटी स्वभावापासून सुरुवात करावी, यावर मी बराच विचार केलाय. काहींना ते विज्ञानापासून मागे सरकणं वाटतं. मला उलट वाटतं. रुग्ण पाहिल्यावरच ते सुचलं असणार. कारण दम्याचा पेशंट वर्षभर समोर बसला की डॉक्टरला घरातली भांडणंसुद्धा कळतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कैवल्यधामात खाटा असलेलं यौगिक रुग्णालय निघालं, आणि डॉ. म. वि. भोळे यांनी दम्यावरच्या यौगिक उपचाराचे निष्कर्ष १९६७ च्या ‘योगमीमांसे’त मांडले. ते पाहायला स्वामी नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले.

तक्ता तरीही जिंकला. तो छापायला सोपा, पाठ करायला सोपा, आणि शिकवणाऱ्याला समोरच्याचं काही विचारावं लागत नाही. टीव्हीने त्याला पाय दिले. माझ्याकडे मात्र पहिल्या दिवशी वही निघते. रक्तदाब, डोळ्यांचा काचबिंदू वगैरे, ऑपरेशनं, पाळी, झोप, गोळ्या. काचबिंदू असेल तर उलटी आसनं नाहीत, संपलं. डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हटलं की निम्मी माणसं कंटाळतात. “मॅडम, योगाला कसली चिठ्ठी?”

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, साठीचे, तुडतुडीत, पोट कमी करायचं होतं. टीव्ही बघून रोज अर्धा तास कपालभाती करत होते. वहीत लिहिताना सहज बोलले, जांघेत गाठ येते, झोपलं की जाते. मी म्हटलं, काका, हा हर्निया दिसतो, कपालभाती आजपासून बंद, आधी सर्जनला दाखवा. ते चिडले. कपालभातीने कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नाही म्हणाले, हजारो वर्षांची विद्या आहे म्हणाले. मी त्यांना हठप्रदीपिकेतलं सांगितलं, की तिथे कपालभाती षट्कर्मांत येते आणि ती सगळ्यांना नाही, असं त्याच हजारो वर्षांवाल्यांनी लिहून ठेवलंय. ते त्यांना आणखीनच लागलं. दिवाळीआधी ऑपरेशन झालं, जाळी बसवली. टाके सुकल्यावर सर्जनची चिठ्ठी घेऊन वर्गात आले. आता श्वास आणि पायांच्या हालचाली करतात, नियमित येतात, फी वेळेवर देतात. माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.